अर्ध्या कपाचा मुलूख

कार्तिक लागला, खळ्यावर नवा पेंढा पडला की त्याचा वास थेट माझ्या खाटेपर्यंत येतो आणि मला चहाची तल्लफ येते. पेंढ्याचा आणि चहाचा काय संबंध, असं सून दर वर्षी विचारते. ती कल्याणची आहे, तिला माफ आहे. आता आमच्या शेणव्याला खळी तरी कुठे उरलीत? मळणीचं यंत्र येतं, दुपारभर खडखडाट करतं आणि धूळ उडवून पुढच्या गावाला जातं. पण वासाला यंत्रबिंत काही कळत नाही. तो आपला जुन्या वाटेने येतो.

यंदा त्या वासाबरोबर नात आली, हातात मोबाईल घेऊन. ऋतुजा, माझ्या धाकट्याची धाकटी. ती डॉक्टर व्हायला किरगिझस्तानला चालली आहे. हे नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. मी किरगीज मुलूख म्हणतो. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खाताना-पिताना कसं वागावं याचे नियम तिला कुठेतरी सापडले होते. माझ्या खाटेवर पाय दुमडून ती ते मोठ्याने वाचत होती, म्हणजे मलाही परदेश घडावा.

"भाकरी पालथी ठेवायची नाही," तिने वाचलं.

"बरोबर आहे."

"आजोबा, भाकरी म्हणजे आपली नाही. नान असतो त्यांचा."

"जी पालथी ठेवता येते पण ठेवायची नसते, ती भाकरीच."

तिने पुढे वाचलं. जेवणाआधी हातावर पाणी घालतात, ते झटकायचं नाही. कुणाच्या दारात नुसतं डोकावलं तरी भाकरीचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय परत फिरायचं नाही. मानाच्या पाहुण्याला दारापासून लांब, अगदी आत बसवतात आणि त्याच्या पुढ्यात मेंढीचं मुंडकं ठेवतात. इथे तिचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, तू विद्यार्थिनी आहेस, एवढा मान तुला कोण देतंय, काळजी करू नकोस. मग घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा विषय निघाला आणि आम्ही दोघांनी तो एकमताने सोडून दिला.

"आणि हे ऐका. चहा अर्धाच कप देतात. अर्धा म्हणजे बसा, बोला, आम्ही पुन्हा ओतू. काठोकाठ भरून दिला की समजायचं, आता उठा."

मी खाटेवर ताडकन उठून बसलो. नव्वदी ओलांडलेला माणूस जेवढा ताडकन उठू शकतो तेवढा.

"हे मुरबाडचं आहे!" मी म्हणालो.

"किरगिझस्तानचं आहे, आजोबा."

"मग तिकडे मुरबाडचं कोणीतरी जाऊन राहिलंय."

आमच्या तरुणपणी मुरबाड हाच परदेश होता. आमच्या शहापूर तालुक्यातल्या माणसाला रेल्वेची शिट्टी ऐकू यायची, निदान वारा तसा असला तर. मुरबाडला तेवढंही नव्हतं. शेणव्याहून निघायचं, काळू नदी ओलांडायची, पाठीमागचा माहुलीचा डोंगर लहान लहान होत जायचा आणि समोर सिद्धगड उभा राहायचा. त्यातून माझी सासुरवाडी धसईच्या अलीकडे, बाजाराच्या गाडीवाटेवर. म्हणजे परदेशातला परदेश.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, साखर तर नुसती आठवायची. माझं लग्न वैशाखात झालं होतं. हौसा लावणीच्या तोंडावर घरी आली, पावसाळाभर राहिली आणि दिवाळीला तिच्या भावाने गाडी आणली तेव्हा माहेरी गेली. एवढ्या महिन्यांत आम्ही एकमेकांशी किती बोललो असू? घर माणसांनी भरलेलं, मोठ्यांच्या देखत नवरा-बायकोने बोलायची पद्धत नाही. तिचा हात लावणीला फार चालतो आणि हसताना ती तोंडावर पदर घेते, एवढंच मला ठाऊक. तिला आमचं घर आवडलं का, मी आवडलो का, हे विचारायला जागाच नव्हती. दिवाळीला ती गाडीत बसली तेव्हा गाडी वळणाआड जाईपर्यंत मी बांधावर उभा होतो. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ते मला फार लागलं होतं.

आणि आता तिला आणायला मी चाललो होतो. ती येईल की नाही, खुशीने येईल की रडत, एवढाच प्रश्न सबंध वाटभर माझ्या डोक्यात होता. आईने निघताना नियम सांगितले. आजच्यासारखे ते मोबाईलवर नव्हते, पण संख्येने कमी नव्हते.

"ताट कधी साफ करायचं नाय. घास ठेवायचा. नायतर म्हणतील, उपाशी घरचा आलाय."

"बरं."

"वाढायला आले की दोनदा नाय म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. आणि न्यायला आलोय असं तोंडानं बोलायचं नाय. पोरीचा बाप आपणहून बोलतो, उद्या पाठवतो म्हणून. तू बोललास तर त्यांना वाटंल, आपल्याकडं काम अडलंय."

"अडलंय ना पण? गरवा भात कापायला आलाय."

"अडलंय म्हणूनच बोलायचं नाय!"

हे शास्त्र डोक्यात घेऊन मी सासुरवाडीच्या ओटीवर चढलो. पायावर पाणी आलं, घोंगडी आली, सासरे आले. त्यांना मी मामा म्हणायचो. आवाज खळ्यावरून डोंगराला ऐकू जाईल असा आणि माणूस लोण्याचा. सासूबाई म्हणजे मामी, दारामागून बोलायच्या. मग चहा आला, गुळाचा. घरात कपबशी एकच, कान उडालेली, ती खास जावयासाठी उतरवलेली. मी कपात पाहिलं. कप अर्धा.

आमच्या शेणव्याकडे अर्धा कप कुणाला देत नाहीत. अर्धा कप देणं म्हणजे वाट चुकून आलात वाटतं, असं म्हणणं. माझे कान तापले. पण मामा तर हसून हसून बोलत होते, बैलांची नावं सांगत होते. तेवढ्यात आतून किटली आली आणि पुन्हा अर्धा. थोड्या वेळाने पुन्हा अर्धा. मला कळेना, द्यायचाच आहे तर एकदम का देत नाहीत? हा काय हप्त्याहप्त्याने चहा! हौसा कुठे दिसत नव्हती. आत बांगड्या वाजत होत्या, पण त्या कुणाच्या हे बांगड्यांवरून ओळखायला मी तयार झालो नव्हतो.

जेवायला कोंबडा होता. मामांनी काळीज माझ्या ताटात घातलं, मेंढीच्या मुंडक्याच्या जागी. मी दोनदा नाही म्हणालो, तिसऱ्यांदा घेतलं आणि शेवटी आईच्या आज्ञेप्रमाणे घास ठेवला. मामींचा चेहरा उतरलेला मला दाराच्या फटीतून दिसला. त्या मुलखात ताटात घास राहिला की रांधणारीचं काहीतरी चुकलं असं धरतात, हे मला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी वालाचं बिरडं केलं. मी घास ठेवला. मग सुकट, मग कारांद्याचे कंद उकडून, मग डांगर भोपळ्याच्या घाऱ्या. घाऱ्या मला जिवापाड आवडतात. तिथेही मी डोळ्यांत पाणी आणून अर्धी घारी ताटात ठेवली.

"जावयबापूंना काय आवडतं गो?" मामी आत कुजबुजल्या.

"मला काय ठाव?" हे हौसाचं उत्तर. त्या घरात मी ऐकलेले तिचे पहिले शब्द हे होते, आणि ते काही उभारी देणारे नव्हते.

त्या दिवसांतलं सगळं आता एकमेकांत मिसळलं आहे. सकाळचं धुकं, शेणाने सारवलेल्या खळ्याचा थंडगार स्पर्श, फळीवर भारा आपटला की उडणारे दाणे, अंगाला टोचणारी भाताची कूस, आणि दुपारी पेंढ्यावर आडवं झाल्यावर नाकात भरणारा तो वास. पाहुण्याने कामाला हात लावायचा नाही, हा आणखी एक नियम होता, पण तरण्या माणसाने दुसऱ्याचं खळं बघत किती बसायचं? मी उतरलो झोडायला. मामा खूश. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानाला ओरडून सांगू लागले, "जावय खळ्यावर आलेत बरं का आमचे!" माझ्या येण्याचं कारण त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी आडून आडून सुचवायला लागलो.

"आमच्याकडे गरवा पिकलाय, मामा."

"पिकणारच. पाऊस झकास व्हता."

"कापायला माणसं कमी पडतील."

"माणसं कुठं पुरतात, बापू? सगळी गेली मुंबईला, गिरणीत."

"आईचा गुडघा फार दुखतो हल्ली."

मामा गंभीर झाले. आत गेले आणि मूठभर बिब्बे घेऊन आले. "हे गरम करून लावा. बघा कशी पळतीया."

मी बिब्बे गाठोड्यात बांधले. मामांच्या मुलखात पोरीला न्यायला आलेल्यानेच स्पष्ट बोलायचं असतं. बापाने आपणहून 'घेऊन जा' म्हटलं तर पोर घरात जड झाली असा अर्थ होतो. ते माझ्या शब्दाची वाट बघत होते, मी त्यांच्या. दोन भलेपणांमध्ये एक बाई अडकून पडली होती, आणि तिला त्या दोन्ही मुलखांचे नियम ठाऊक होते.

एका सकाळी मामी भाजीला गेल्या होत्या आणि चहा घेऊन हौसा आली. डोक्यावरून पदर, नजर कपावर. कप काठोकाठ भरलेला! आल्यापासून पहिल्यांदा. सांडू नये म्हणून ती पाय मोजून टाकत होती. माझा जीव सुपाएवढा झाला. आवडलो आहे मी, मनात म्हटलं. नाहीतर सगळं घर अर्ध्यावर भागवत असताना ही एवढा का देईल? बोटं भाजत होती, तरी मी कप सोडला नाही. आणि त्या आनंदात मी काय केलं? घोंगडी आणखी ओढून घेतली, पाय पसरले आणि भिंतीला टेकलो.

हौसाने माझ्याकडे पाहिलं. मी ती लाज समजलो. पुढे सबंध आयुष्य तिच्यासोबत काढल्यावर त्या नजरेला काय म्हणतात ते मला कळलं, आणि लाजेचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता.

संध्याकाळी पुन्हा भरलेला कप. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आणखी भरलेला. मी खुशीत राहण्याचे दिवस वाढवत चाललो. आत मामींचा आवाज ऐकू आला, "काय गो, जावयाला असा भरून देतात? लाज नाय?" मला वाटलं, बघा, सासू किती हात आखडणारी आणि बायको माझ्यासाठी आईचं बोलणं खातेय. छाती फुगवून मी आणखी एक भारा जास्त झोडला.

शेवटचा भारा झाला. खळ्यावर रास पडली, तिला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला. शेजारपाजारचे आठ-दहा जण पेंढ्यावर बसले. सगळ्यांना वाट्यांतून चहा, मला कप. हौसा किटली घेऊन माझ्यासमोर वाकली आणि ओतू लागली. कप भरला. ती थांबली नाही. कप वाहिला, बशी भरली. ती थांबली नाही. बशीतून चहा धोतरावर आला आणि मी टुणकन उभा राहिलो.

सगळे माझ्याकडे नाही, हौसाकडे बघत होते. मामांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बारीक आवाज निघाला.

"हौसा! जावयाला उठवतेस तू?"

तो चहा मांडीवर कढत असताना मला पहिल्यांदा कळलं. त्यांचं घर धसईच्या बाजारवाटेवर, येणारा-जाणारा टेकायचाच. आता जा, हे तोंडाने म्हणणं म्हणजे पाप. म्हणून बायकांनी कपाची भाषा काढलेली. अर्धा, म्हणजे बसा. भरलेला, म्हणजे होतं ते सगळं दिलं, आता उठा. सबंध वाटेला हे ठाऊक, वाटेवरच्या बैलांनाही ठाऊक असेल. फक्त शेणव्याहून आलेल्या एका शहाण्याला ठाऊक नव्हतं. मामींचे अर्धे कप मी अपमान म्हणून प्यायलो होतो, आणि बायको जा जा म्हणत होती तिथे पाय पसरून बसलो होतो.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, चहापेक्षा जास्त चटका देणारी. म्हणजे ती मला घालवत होती. पहिल्या भरलेल्या कपापासून. तिला यायचं नव्हतं. त्या दहा माणसांत, ओल्या धोतराने उभा असताना, मला रडू येईल की काय अशी भीती वाटली.

हौसाने किटली खाली ठेवली. पदराचं टोक दातात धरलं, मोठ्यांच्या देखत कधी न बोललेली ती बोलली.

"त्यांना एकट्याला नाय, आबा. आमाला दोघांना."

मग पेंढ्यावरची एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळं खळं फुटलं. मामा माझ्याकडे वळले.

"न्यायला आलाव का तुमी हिला?"

"होय," मी म्हणालो. आईचा नियम तिथेच राशीपाशी पडला.

"मग आतापावत तोंडात काय बिब्बा धरलावता? आमी म्हणतो जावय झोडायला आलाय!"

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. मामींनी घाऱ्यांची शिदोरी बांधली. त्याआधी मी मामींच्या पुढ्यात बसून ताट असं साफ केलं होतं की मांजराला काही उरलं नाही, आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता. ऋतुजाने वाचून दाखवलं, त्या किरगीज लोकांतही पाहुण्याला उरलेलं बांधून देतात म्हणे. बघा, म्हटलं ना मी.

काळूपर्यंत गाडीने सोडलं, पुढे आम्ही चालत. लग्नापासून पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. नदी ओलांडल्यावर तिचा राग बाहेर आला.

"एक कप भरला की वाणीसुद्धा उठतो. तुमी पाय पसरलात! किती गूळ गेला आबाचा, ठाव हाय?"

मी पण साठवलेलं काढलं. "दिवाळीला निघालीस तेव्हा एकदा तरी मागे बघायचं होतंस."

तिने शिदोरी या हातातून त्या हातात घेतली.

"बघितलं असतं तर दादानं चिडवून चिडवून घरापावत जीव खाल्ला असता," ती म्हणाली. आणि मग हळूच, "तुमी बांधावर व्हतात, दिसत व्हतात. बैलाच्या घुंगराच्या पितळेत."

ते खरं असेल असं मला वाटत नाही. घुंगरात एवढा मोठा माणूस दिसत नाही. पण मी त्यावर कधी वाद घातला नाही.

पुढे मी शाळामास्तर झालो. घरी चार माणसं यायची आणि प्रत्येकाला भरलेला कप मिळायचा, शेणव्याच्या रीतीने. मला मात्र कायम अर्धा. लोक चेष्टा करायचे, मास्तरांचा पगार चहात कापतात वाटतं. मीही कुरकुर करायचो, करायची म्हणून. अर्धा संपला की दुसरा अर्धा यायचा, आणि तो येईपर्यंत मी कुठे जायचो नाही. हौसाला जाऊन आता बरीच खळी झाली. चहा सून करते, आणि चांगला भरून देते. मी निम्मा दुसऱ्या कपात ओततो आणि मग पितो. तिला वाटतं, निवण्यासाठी.

ऋतुजा निघायच्या दिवशी दारात जीप उभी राहिली. बॅगा चढल्या, तिच्या आईचं रडून झालं, बापाने पासपोर्ट चारदा चाचपला. मी म्हटलं, चहा मी करणार. सगळ्यांनी कपाळाला हात लावला, पण या वयात माणसाला नाही म्हणायला लोक कचरतात.

मी तिला अर्धा कप दिला. ती प्यायली. मी पुन्हा अर्धा ओतला. जीपवाल्याने हॉर्न दिला. तिने तोही संपवला आणि मी किटली उचलली.

"आजोबा, विमान आहे हो."

"विमान कुठे पळतंय? बस."

तिसरा अर्धा. ती माझ्याकडे बघत सावकाश प्यायली आणि मग रिकामा कप दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"आता भरून द्या, आजोबा."

मला द्यायचा नव्हता. सहा वर्षांनी ती डॉक्टर होऊन येईल तेव्हा मी असेन की नसेन, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक होतं. पण त्या मुलखाची रीत मी पाळायची नाही तर कुणी? मी ओतला. चहा काठावरून बशीत आला. तिने तो उभ्यानेच प्यायला सुरुवात केली, निम्मा प्यायली आणि थांबली.

कप तिने माझ्या समोर ठेवला. त्यात अर्धा चहा होता.

"हा तुमचा," ती म्हणाली. "तुम्ही बसा. मी येते."